मुस्तफाची बॅटरी

आजचा भाग नवेगाव बांधमधून. इथला तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, आणि तीनशे वर्षं होत आली तरी तो पाणी धरून आहे. आपण आज बोलणार आहोत ते मात्र अशा एका वस्तूबद्दल, जिचं आयुष्य एका छोट्या बॅटरीवर टांगलेलं होतं. तुम्ही ती फोनवर खेळला असाल. मुस्तफा!

आता गंमत बघा, मुस्तफा नावाचा गेम कधी निघालाच नाही. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये काढलेल्या त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवरून तो बनवला. खेळायला चार पात्रं: जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. आपल्याकडच्या पोरांनी पिवळी टोपीवाला उचलला आणि अख्ख्या गेमलाच त्याचं नाव देऊन टाकलं. मला तर वाटतं, कंपनीच्या नावापेक्षा हेच बरं आहे.

हा गेम घरच्या कन्सोलवर अधिकृतपणे कधीच आला नाही. खेळायचा तर दुकानात जायचं, प्लायवूडच्या खोक्यासमोर उभं राहायचं आणि नाणं टाकायचं. म्हणून तर आज त्याचा मूळ बोर्ड हाती लागला की जुने गेम जमवणारे खूश होतात. आणि मग रडतात.

का रडतात? त्या काळी गेमच्या चोऱ्या फार व्हायच्या. चिपमधला प्रोग्रॅम वाचायचा, दुसऱ्या बोर्डवर उतरवायचा आणि निम्म्या भावात विकायचा, असा तो धंदा. त्यावर कॅपकॉमनं कुलूप काढलं. आवाज सांभाळणाऱ्या झेड-८० प्रोसेसरची एक खास आवृत्ती बनवली, तिचं नाव काबुकी. आवाजाचा प्रोग्रॅम उलटापालटा करून ठेवलेला, आणि तो सरळ करायची किल्ली काबुकीच्या पोटातल्या इवल्याशा मेमरीत. ही मेमरी वीज असेपर्यंतच लक्षात ठेवते, म्हणून बोर्डवर लिथियमची बॅटरी. चित्र काढणाऱ्या चिपचं सेटिंगही असंच बॅटरीवर जिवंत. बॅटरी संपली की किल्ली गेली. बोर्डवर ओरखडा नाही, काही जळलेलं नाही, पण आवाज बंद आणि पडद्यावर कचरा. जमवणाऱ्यांनी या बॅटरीला नाव दिलं, 'सुसाइड बॅटरी'.

बरं, मग आपल्या गल्लीतला मुस्तफा वर्षानुवर्षं कसा चालला? कारण तो बहुतेक वेळा नकली होता, राजेहो! भारतात परदेशी मालावर परवान्यांची बंधनं होती. आयातीवरच्या संख्यात्मक निर्बंधांतल्या शेवटच्या ७१५ वस्तू मोकळ्या झाल्या त्या थेट १ एप्रिल २००१ ला. अशा काळात छोट्या गावातला दुकानदार जपानचा महागडा बोर्ड कुठून आणणार? त्याच्या वाट्याला नक्कल आली. आणि नक्कल करायची म्हणजे आधी ते बॅटरीचं कुलूप बाजूला काढणं भागच. म्हणजे अस्सल माल बॅटरीबरोबर मुका झाला, आणि चोरीचा माल चालत राहिला.

चोरानं काटकसरही केली. मूळ गेमचा क्यूसाउंड आवाज म्हणजे खर्चाचं काम, त्यामुळे काही नकली बोर्डांवर त्याऐवजी ओकी कंपनीची स्वस्त आवाजाची चिप आणि एक छोटा पिक कंट्रोलर बसवलेला सापडतो. गेम तोच, संगीत मात्र चिरकं आणि तुटक. आज फोनवर मूळ आवृत्ती लावली आणि चाळिशीतला काका म्हणाला, 'आमच्या दुकानात असा आवाज नव्हता,' तर हसू नका. काका बरोबर असू शकतो.

इथेच माझा मुद्दा आहे. परदेशातले शौकीन अस्सल बोर्ड वाचवतात. मेलेल्या बोर्डात किल्ली परत कशी भरायची, हे एदुआर्दो क्रूझ या शोधकानं २०१४-१५ च्या सुमारास चिप उलगडून दाखवलं. त्याचं कौतुकच आहे. पण आपल्या दुकानांचा इतिहास अस्सल बोर्डात नाही, तो त्या नकली बोर्डात आहे. आणि तो भंगारात किलोवर चाललाय.

भंगारवाल्याकडे असा बोर्ड दिसला तर ओळखायचा कसा? मूळ सीपीएस बोर्ड थरावर थर रचलेले असतात आणि त्यांवर कॅपकॉमचं नाव छापलेलं असतं. नकलीत बऱ्याचदा चिपवरचे नंबर घासून काढलेले दिसतात. कडेला ५६ पट्ट्यांचा कनेक्टर दिसला तर तो जॅमा, १९८५ पासूनचं जपानी मानक. नवेगावसारख्या दमट हवेत या पट्ट्या काळ्या पडतात. मऊ खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, काम झालं. बोर्डाला ५ व्होल्ट पोचतात का, ते मीटरनं बोर्डाच्या कडेलाच मोजा. ते कमी पडले की गेम मधेच रीसेट होतो, आणि लोक चांगला बोर्ड फेकून देतात. मूळ बोर्डाची बॅटरी जिवंत असेल तर जुनी काढण्याआधी नवी समांतर जोडा, क्षणभरही वीज तुटता कामा नये. जमत नसेल तर जाणकाराकडे द्या. आणि खोक्यातल्या पिक्चर ट्यूबला स्वतः हात लावू नका. बंद असली तरी तिच्यात हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.

नकली बोर्डाची दुरुस्ती नंतर, आधी त्याच्या चिप वाचून घ्या. १९९७ पासून चाललेला मेम हा प्रकल्प अस्सलबरोबर नकली आवृत्त्याही नोंदवतो. रीडरनं वाचलेली फाइल तिथल्या कशाशीच जुळली नाही, आणि पुन्हा वाचूनही तीच आली, तर कदाचित तुमच्या तालुक्यातला मुस्तफा अजून जगात कुठेच नोंदलेला नाही.

आणि हो, चिपवर गोल काचेची खिडकी आणि तिच्यावर स्टिकर असेल तर ते सोलू नका. आतला गेम अतिनील प्रकाशानं पुसला जातो, आणि आपल्याकडे ऊन काही कमी नाही.