भाभांनी ओळखलेलं घड्याळ

वेगात असलेलं घड्याळ सावकाश चालतं, हे आइनस्टाइननं १९०५ साली सांगितलं. पण ते तपासायचं कसं? प्रकाशाच्या जवळपास वेगानं घड्याळ पळवणार कोण?

होमी भाभा म्हटलं की आपल्याला अणुभट्ट्या आठवतात. मला मात्र त्यांचं १९३८ चं एक छोटं टिपण जास्त मोलाचं वाटतं. मुंबईत वाढलेले भाभा तेव्हा केंब्रिजला होते, वय अवघं २८. वैश्विक किरणांत इलेक्ट्रॉनहून सुमारे २०० पट जड असा कण नुकताच सापडला होता. असा जड कण आपोआप फुटत असेल, तर ते फुटणं हेच एक घड्याळ आहे, आणि कण वेगात असला की त्याला फुटायला जास्त वेळ लागेल, असं भाभांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं. घड्याळ बनवायची गरजच नव्हती, निसर्गानं ते आधीच पळवलं होतं!

त्याच वर्षी इटलीच्या वंशद्वेषी कायद्यांमुळे ब्रूनो रॉसी या ज्यू शास्त्रज्ञाची प्राध्यापकी गेली. तो अमेरिकेत पोहोचला. तिथे त्यानं डेव्हिड हॉलबरोबर कोलोरॅडोत, डोंगरावर आणि खाली डेन्व्हरला, हे कण मोजले. जास्त वेगवान कण वाटेत कमी फुटत होते. १९४१ साली हा निष्कर्ष छापून आला.

आता हिशेब करू. या कणाला आज आपण म्यूऑन म्हणतो. स्थिर असताना त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या ९९.८ टक्के वेगानं निघाला तरी तेवढ्यात तो जेमतेम ६६० मीटर जाईल. जन्म मात्र साधारण १५ किलोमीटर उंचीवर. म्हणजे जमिनीपर्यंत सुमारे ८ अब्जांत एकच टिकायला हवा. पण या वेगाला त्याचं घड्याळ आपल्या दृष्टीनं सुमारे १६ पट सावकाश चालतं. वाटेत खर्ची पडणारी ऊर्जा बाजूला ठेवली, तर जवळपास चौथा हिस्सा खाली पोहोचतो.

मी हे चेन्नईजवळच्या सिरुसेरीतून बोलतोय. इथे समुद्र जवळ, जमीन सखल, म्हणजे म्यूऑनला हवेचा जवळजवळ पूर्ण थर ओलांडावा लागतो. तरीही आडव्या तळहातातून सेकंदाला साधारण एक म्यूऑन जातोच. तुम्ही कुठेही असा, आत्ता हात पुढे करा. भाभांचं म्हणणं खरं नसतं, तर तो हात बहुतेक रिकामाच राहिला असता.