माँट्रियलचा नऊ नंबर

हॉकी म्हटलं की आपल्याला मैदान आठवतं, चेंडू आठवतो आणि ध्यानचंद आठवतात. कॅनडातल्या माणसाला मात्र 'आइस' हा शब्द वेगळा जोडावाच लागत नाही. तिकडे हॉकी म्हणजे बर्फावरचीच. आणि माँट्रियल शहरात हॉकी म्हणजे कॅनेडियन्स. या क्लबने शंभरी केव्हाच ओलांडली. त्याच्या नावावर २४ स्टॅन्ले कप आहेत, इतके दुसऱ्या कुणाकडेच नाहीत. पण नुसते करंडक मोजले तर या क्लबची गोष्ट हाती लागत नाही. त्यासाठी आघाडीच्या फळीतल्या एका अबोल, तापट माणसापाशी जावं लागतं.

क्लबचा जन्म निव्वळ धंद्याच्या हिशेबातून झाला. ऑन्टारिओतल्या रेन्फ्र्यू गावच्या अँब्रोज ओब्रायन या खाणमालकाच्या मुलाला आपला संघ मोठ्या साखळीत घुसवायचा होता. जुन्या मंडळींनी दार लावून घेतलं, तेव्हा त्याने इतरांना हाताशी धरून नवी साखळीच काढली. माँट्रियलमध्ये इंग्रजी बोलणाऱ्यांचे संघ होतेच. फ्रेंच बोलणाऱ्यांचा एखादा काढला तर त्यांची वस्ती तिकीट काढून येईल आणि दोन भाषांची चुरस गल्ला भरेल, असा साधा विचार. ४ डिसेंबर १९०९ रोजी संघ जाहीर झाला. पैसा इंग्रजी, खेळाडू फ्रेंच. ओब्रायनने वर्षभरातच अंग काढून घेतलं. क्लब मात्र टिकला.

पहिला स्टॅन्ले कप १९१६चा. १९१९ची अंतिम लढत सिएटलमध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीने अर्धवट राहिली. कॅनेडियन्सचा बचावपटू जो हॉल तिथेच दगावला आणि त्या वर्षी करंडक कुणालाच मिळाला नाही. गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना १९२५मध्ये सामना चालू असताना कोसळला, तो क्षयाने पुढच्या मार्चमध्ये गेला. मग होवी मोरेन्झ. तो ऑन्टारिओचा, पण त्याच्या वेगावर फ्रेंच माँट्रियलने जीव टाकला. जानेवारी १९३७मध्ये त्याचा पाय मोडला आणि सहा आठवड्यांत इस्पितळातच त्याचा मृत्यू झाला. ज्या फोरम क्रीडागृहात तो खेळायचा, तिथल्याच रिंकवर शवपेटी ठेवून लोकांनी त्याला निरोप दिला. त्यानंतर क्लबला उतरती कळा लागली. १९३९-४०च्या मोसमात ४८ सामन्यांपैकी फक्त १० जिंकले. संघ तळाला आणि खुर्च्या रिकाम्या.

अशा पडत्या काळात, १९४२मध्ये, मोरीस रिशार आला.

तो माँट्रियलचाच. वडील कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेत कामाला, आठ भावंडांत हा थोरला. इंग्रजी जेमतेम. कॅनेडियन्समध्ये येण्याआधीच एकदा घोटा आणि एकदा मनगट मोडून बसलेला. त्यामुळे महायुद्धाच्या दिवसांत सैन्यानेही त्याला घेतलं नाही. पहिल्या मोसमात १६ सामन्यांत ५ गोल झाले आणि डिसेंबरमध्ये पाय मोडला. हा पोरगा काचेचा आहे, अशी कुजबुज क्लबातच सुरू झाली. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला त्याला मुलगी झाली, वजन नऊ पौंड. त्याने १५ नंबर सोडून ९ मागून घेतला. एका खेळाडूच्या घरगुती हौसेतून आलेला हा आकडा पुढे एका समाजाचं चिन्ह होईल, असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल.

रिशार नेमकं काय करायचा, ते जरा जवळून पाहू. आइस हॉकीत बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण असतात : गोलरक्षक, दोन बचावपटू आणि आघाडीचे तिघे, म्हणजे मधला सेंटर आणि दोन विंगर. पक म्हणजे कडक रबराची चपटी चकती. रिशार डावखुरा फटका मारणारा, पण खेळायचा उजव्या बाजूने. साधारणपणे उजव्या विंगला उजव्या हाताचा माणूस ठेवतात. तो कडेने पळत जाऊन पक मध्ये टाकतो. उलट्या हाताचा माणूस कडेने येऊन आत वळला की त्याची स्टिक आपोआप गोलाच्या तोंडाशी येते आणि फटक्याला कोन मोकळा मिळतो. प्रशिक्षक डिक अर्विन यांनी टो ब्लेकला डावीकडे, एल्मर लाकला मध्ये आणि रिशारला उजवीकडे लावलं. ही 'पंच लाइन'. प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूची निळी रेघ ओलांडली की रिशार दुसराच माणूस व्हायचा. डेट्रॉइटचा धिप्पाड बचावपटू अर्ल सीबर्ट एकदा त्याच्या पाठीवर अक्षरशः लटकला होता. रिशारने त्याला तसंच ओढत नेऊन गोल केला.

२८ डिसेंबर १९४४ हा दिवस तर कहाणीत शोभावा असा. त्या दिवशी रिशारचं घर बदलणं चाललं होतं. दिवसभर सामान उचलून थकलेला गडी संध्याकाळी फोरमवर आला आणि आज माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, असं सोबत्यांना सांगून बर्फावर उतरला. सामना संपला तेव्हा डेट्रॉइटवर ९-१ असा विजय होता. त्यात रिशारचे पाच गोल आणि आणखी तीन गोलांना हातभार. त्याच मोसमात ५० सामन्यांत ५० गोल झाले. शेवटच्या सामन्यात, बोस्टनला, तो पन्नासावा गोल पडला. युद्धामुळे चांगले खेळाडू बाहेर होते म्हणून हे जमलं, असं नाक मुरडणारे तेव्हाही होते. १९५२च्या नोव्हेंबरात त्याने कारकिर्दीतल्या गोलांचा सार्वकालिक विक्रम मोडला, तेव्हा ती तोंडं बंद झाली.

त्याच वर्षीच्या एप्रिलमधला एक गोल मला त्या ५०पेक्षा मोठा वाटतो. बोस्टनविरुद्ध उपांत्य फेरीचा सातवा सामना. धडकेत रिशार बेशुद्ध पडला, भुवईवर टाके पडले. बरोबरी असताना भोवळ आलेल्या अवस्थेतच तो परतला आणि अर्ध्याहून जास्त बर्फ कापत जाऊन त्याने विजयी गोल मारला. सामन्यानंतरचं छायाचित्र आजही छापलं जातं : रिशारच्या चेहऱ्यावरून रक्त ओघळतंय आणि डोळा काळवंडलेला बोस्टनचा गोलरक्षक जिम हेन्री थोडा वाकून त्याच्याशी हस्तांदोलन करतोय. आजच्या डॉक्टरांनी त्याला परत जाऊच दिलं नसतं आणि ते योग्यच ठरलं असतं.

या माणसाच्या रागाला औषध नव्हतं. प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम डिवचायचे, स्टिकने अडकवायचे, फ्रेंच म्हणून हिणवायचे. तो भडकला की शिक्षा त्यालाच व्हायची. फ्रेंच वाचकांच्या एका साप्ताहिकात त्याच्या नावाने सदर यायचं. त्यात १९५४मध्ये साखळीचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांना हुकूमशहा म्हटलं गेलं, तेव्हा त्याला माफी मागावी लागली, वर हजार डॉलरची हमी भरावी लागली आणि सदरही बंद झालं. कॅम्पबेल इंग्रजी बोलणारे, कायदा शिकलेले. त्यांचं कार्यालयही माँट्रियलमध्येच. त्या काळी शहरातल्या गिरण्या-कारखान्यांत घाम गाळणारे बहुतेक फ्रेंच आणि हुकूम सोडणारे बहुतेक इंग्रज. घाम गाळणाऱ्यांना रिशारमध्ये आपला माणूस दिसत होता.

१३ मार्च १९५५ला बोस्टनमध्ये हॅल लेको याच्याशी मारामारी झाली. अडवायला आलेल्या लाइन्समनलाही रिशारने ठोसे लगावले. चूक त्याचीच, यात शंका नाही. तीन दिवसांनी कॅम्पबेल यांनी निकाल दिला : उरलेला मोसम आणि सगळे प्लेऑफ सामने बंद. रिशार तेव्हा खेळाडूंच्या गुणतक्त्यात पहिला होता. एवढं सगळं झाल्यावर १७ मार्चच्या सामन्याला कॅम्पबेल स्वतः फोरममध्ये येऊन बसले. धाडस म्हणा की हट्ट. अंडी, टोमॅटो, जे हाती लागेल ते त्यांच्या दिशेने आलं. कुणीतरी अश्रुधुराचा गोळा फोडला. सामना थांबला, ४-१ने पुढे असलेल्या डेट्रॉइटला तो बहाल झाला. बाहेर सेंट कॅथरीन रस्त्यावर काचा फुटल्या, दुकानं लुटली गेली. दुसऱ्या दिवशी रिशारने रेडिओवरून शांततेची विनंती केली. शिक्षा मान्य आहे, पुढच्या वर्षी परत येतो, एवढंच त्याचं सांगणं. शहर निवलं.

मोसम संपता संपता संघातला सोबती बर्नी जॉफ्रिऑन एका गुणाने त्याच्या पुढे गेला, ७५ विरुद्ध ७४. फोरमच्या प्रेक्षकांनी आपल्याच या फ्रेंच खेळाडूची हुर्यो उडवली. गुणतक्त्यात अव्वल राहण्याचा मान रिशारला कारकिर्दीत कधीच मिळाला नाही.

क्लबच्या व्यवस्थापनाने मात्र त्या वसंतात एक शहाणपण केलं. अर्विन गेले आणि प्रशिक्षकाच्या जागी टो ब्लेक आले. रिशारच्या डाव्या बाजूला वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसालाच त्याला आवरायचं काम दिलं. फ्रँक सेल्की यांनी व्यवस्थापक म्हणून उभं केलेलं तरुण खेळाडूंचं जाळंही फळाला आलं होतं. १९५६ ते १९६० असे सलग पाच स्टॅन्ले कप कॅनेडियन्सने जिंकले. तसं आजवर कुणालाही जमलेलं नाही. या संघापायी खेळाचा एक नियमही बदलला. आधी शिक्षा झालेल्या खेळाडूला दोन मिनिटं पूर्ण बाहेर बसावं लागे, मग तेवढ्यात कितीही गोल होवोत. ५ नोव्हेंबर १९५५ला जाँ बेलिव्होने बोस्टनचे खेळाडू कमी असताना ४४ सेकंदांत तीन गोल ठोकले. पुढच्या वर्षी नियम बदलला : एक गोल झाला की शिक्षा संपली.

रिशारने सप्टेंबर १९६०मध्ये स्टिक खाली ठेवली. ९७८ सामने, ५४४ गोल, आठ स्टॅन्ले कप. नऊ नंबर कायमचा बाजूला ठेवला गेला. धाकटा भाऊ आन्री त्याच क्लबात राहिला आणि अकरा कप जिंकून मोठ्याच्या पुढे गेला.

निवृत्त रिशारला क्लबने पद दिलं, पण त्यात काम नव्हतं. समारंभात मिरवण्यापुरता आपला उपयोग होतो, हे त्याला झोंबलं आणि तो दूर झाला. घरातूनच मासेमारीच्या दोऱ्यांचा धंदा केला. १९७२मध्ये क्वेबेक नॉर्डिक्स या नव्या संघाचा प्रशिक्षक झाला आणि दोन सामन्यांत ते काम सोडून मोकळा झाला. पुढे क्लबशी दिलजमाई झाली, पण मधल्या वर्षांचा दोष क्लबच्या पदरात टाकावाच लागेल.

क्लब मात्र थांबला नाही. बेलिव्हो दहा वर्षं कर्णधार होता. गी लाफ्लरने सलग सहा मोसम पन्नास किंवा अधिक गोल केले. त्याच्याच काळात, १९७६-७७मध्ये, संघ ८० पैकी फक्त ८ सामने हरला. शेवटचा कप १९९३चा. भाषेचा प्रश्न आजही जिवंत आहे : डिसेंबर २०११मध्ये फ्रेंच न येणारा हंगामी प्रशिक्षक नेमला तर क्लबला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. हिशेबापोटी काढलेल्या संघाला लोकांनी असं आपलं करून टाकलं.

११ मार्च १९९६ला फोरमचा निरोपाचा सामना झाला. रिशारचं नाव पुकारलं आणि टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. पंचाहत्तरीतला म्हातारा हात वर करून पुरे म्हणत होता, डोळे पुसत होता, तरी लोक उभेच. मे २०००मध्ये तो गेला. नव्या रिंकवर ठेवलेल्या त्याच्या पार्थिवाचं लाखाहून अधिक लोकांनी दर्शन घेतलं आणि क्वेबेक सरकारने शासकीय इतमामात अंत्यसंस्कार केले.

मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा मोरीस रिशार करंडक १९९९मध्ये कॅनेडियन्स क्लबनेच साखळीला भेट दिला. तेव्हापासून २०२५पर्यंत तो त्यांच्या एकाही खेळाडूला मिळालेला नाही.