पाटी बदलली, पावतीचे काय?

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेला एक स्मृती-पारितोषिक दिले जाते. एका सभासद कुटुंबाने फार पूर्वी बँक ऑफ इंदूरमध्ये मंडळाच्या नावे ठेव ठेवली आणि तिच्या व्याजातून हे बक्षीस सुरू झाले. यंदा कपाटातली जुनी कागदपत्रे लावताना ती पहिली पावती हाती लागली. कार्यकारिणीतल्या एका तरुण सभासदाने विचारले, "काका, ही बँकच आता नाही. मग आपली ठेव नक्की कुणाकडे?" प्रश्न साधाच, पण आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून हा थोडा शोध.

बँक ऑफ इंदूर 1920 मध्ये, तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या काळात स्थापन झाली. पुढे संस्थान गेले, बँक राहिली. संसदेने 1959 मध्ये सहयोगी बँकांचा कायदा केला आणि 1 जानेवारी 1960 पासून ती स्टेट बँक ऑफ इंदूर झाली. अर्धशतकानंतर, 26 ऑगस्ट 2010 रोजी, ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. त्या वर्षीचे गणपती बसायला जेमतेम पंधरवडा उरला होता. दोन्ही वेळा पाटी बदलली, आणि दोन्ही वेळा येण्यांबरोबर देणीही नव्या बँकेकडे गेली.

सरकारी कचेरीत काम करणाऱ्याला हे लगेच उमगते. आम्ही प्रभार घेतो तेव्हा कपाटाच्या किल्ल्यांबरोबर प्रलंबित प्रकरणांच्या यादीवरही सही करतो. "हे आधीच्या साहेबांचे होते" असे अर्जदाराला सांगून चालत नाही. मात्र यादीत जे नाही, त्याची हमी कुणी घेत नाही.

याचे सर्वात मोठे उदाहरण आयुर्विम्याचे. विम्याची पॉलिसी म्हणजे वीस-पंचवीस वर्षे पाळायचे वचन. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशात अशा अनेक कंपन्या निघाल्या. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 मध्ये वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली होती. काही कंपन्या चोख होत्या, तर काही विमेदारांचा पैसा नको तिथे गुंतवत होत्या. 19 जानेवारी 1956 रोजी सरकारने वटहुकूम काढून आयुर्विम्याचा कारभार ताब्यात घेतला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांनी आकाशवाणीवरून हा निर्णय देशाला सांगितला. भारतीय व परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून 245 संस्थांचा व्यवसाय एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. तोवर मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन देशमुख मंत्रिमंडळाबाहेर पडले होते. म्हणजे वचन देणारी कंपनी गेली, नव्या घराची पायाभरणी करणारे मंत्रीही गेले. मग विमेदाराने कुणाकडे पाहायचे?

उत्तर कायद्यात होते. महामंडळाच्या कायद्याच्या कलम 37 ने पॉलिसीची रक्कम आणि जाहीर झालेला बोनस रोख देण्याची हमी केंद्र सरकारने घेतली. जुन्या कंपन्यांच्या पॉलिसीही त्यात आल्या. पण त्याच कायद्यात कलम 14 आहे. जी कंपनी आधीच डबघाईला आली होती, तिच्या पॉलिसीची रक्कम केंद्राने मंजूर केलेल्या योजनेनुसार कमी करण्याची मुभा त्यात ठेवली होती. वचन पुढे चालू राहिले, पण आधीच्या मालकाने पोकळ करून ठेवलेले वचन पूर्ण भरून देण्याची सक्ती नव्या मालकावर नव्हती.

आणि नवा मालक आलाच नाही तर? 1960 मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली. ठेवीदारांची ती हाय लागली म्हणूनच देशात ठेव विमा आला. 1 जानेवारी 1962 पासून एका ठेवीदाराला 1,500 रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. ही मर्यादा 1993 मध्ये एक लाख आणि फेब्रुवारी 2020 मध्ये पाच लाख झाली.

दुकान-कारखान्यांचे गणित थोडे निराळे. कंपनीचे शेअर विकले गेले तर कंपनी तीच राहते, म्हणून तिने दिलेली वॉरंटीही तीच राहते. पण कुणी फक्त धंदा, जागा आणि माल विकत घेतला, तर जुन्या गिऱ्हाइकांची देणी त्याने पत्करली की नाही, हे त्यांच्या करारावर ठरते. तिथे केवळ पाटीवरचे नाव पाहून भागत नाही.

न लिहिलेल्या गोष्टी मात्र मालकाबरोबर जातात. मुदत संपेपर्यंतचा व्याजदर पावतीवर असतो, पुढचा नसतो. नावाने ओळखणारा कॅशियर, "बसा, चहा घ्या" म्हणणारे मॅनेजर, हे कोणत्याच कायद्यात बसत नाहीत. इंदुरातल्या जुन्या खातेदारांना 2010 नंतर चुकचुकले ते याच गोष्टींसाठी. पैशाला धक्का लागला नव्हता.

तर त्या तरुण सभासदाला आमचे उत्तर असे: ठेव शाबूत आहे, कारण प्रत्येक मुदतीला मंडळातल्या कुणीतरी बँकेत जाऊन ती नव्याने करून घेतली. मूळ पावतीच्या मागे त्या नूतनीकरणांच्या नोंदी आहेत, वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या सह्यांच्या. बँकेचे मालक बदलले तसे आपले चिटणीसही बदलले. यंदा आम्ही त्या सर्व पावत्यांची यादी करून प्रभाराच्या वहीत लावली आहे. पुढच्या चिटणीसांनी ती सही करून घ्यावी. बक्षीस यंदाही त्याच नावाने दिले जाईल.