पेनिसिलिनची बुरशी टाकीत उतरली तेव्हा

१२ फेब्रुवारी १९४१. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर हा ४३ वर्षांचा पोलीस शिपाई मृत्यूच्या दारात होता. जखमेतून शिरलेला संसर्ग चेहऱ्यापासून फुप्फुसांपर्यंत पसरला होता. एक डोळा काढून टाकावा लागला होता. (गुलाबाचा काटा लागल्याची कथा सर्वत्र सांगितली जाते, मात्र तो हवाई हल्ल्यात जखमी झाला होता, असे त्याच्या कुटुंबीयांनी पुढे सांगितले.) त्या दिवशी त्याला पेनिसिलिन टोचण्यात आले. ताप उतरला, अन्न जाऊ लागले. आणि पाच दिवसांत औषध संपले. रुग्णाच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलिन प्रयोगशाळेत नेऊन पुन्हा वेगळे केले जात होते, तेही पुरले नाही. १५ मार्चला अलेक्झांडर मरण पावला.

औषध लागू पडले होते. कमी पडले ते त्याचे प्रमाण.

शालेय पुस्तकांतील पेनिसिलिनची गोष्ट १९२८ साली फ्लेमिंगच्या बशीपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. वास्तविक त्या बशीनंतरची दीडेक दशके अधिक उद्बोधक आहेत. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ऑक्सफर्डमध्ये हे द्रव्य शुद्ध करण्याचा मार्ग काढला. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले. पेनिसिलिन दिलेले चार जगले, उरलेले चार सकाळपर्यंत मेले. आता प्रश्न होता तो माणसाला पुरेल इतके औषध आणायचे कुठून, हा.

लोणच्याच्या बरणीत बुरशी धरते ती वरच्या थरावर, तळाशी नाही, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. तिला हवा लागते. पेनिसिलिनची बुरशीही तशीच. त्यामुळे भांडे कितीही खोल असले तरी उपयोग पृष्ठभागाचाच. हीटलीने मिळेल ते पसरट भांडे वापरले, अगदी रुग्णालयातील बेडपॅनसुद्धा. पुढे त्याच धर्तीवर शेकडो चिनी मातीची भांडी घडवून घेतली. युद्धकाळातील टंचाईत ही कल्पकता थोरच होती. पण उत्पादन दुप्पट करायचे तर भांडी दुप्पट हवीत, आणि ती हाताळणारी माणसेही दुप्पट. या मार्गाने एक रुग्णालयही चालले नसते, मग युद्धभूमीची काय कथा.

जुलै १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत गेले. इलिनॉयमधील पिओरिया येथील सरकारी कृषी प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्च उद्योगातील टाकाऊ अर्क बुरशीला खाद्य म्हणून घातला गेला आणि उतारा कित्येक पटींनी वाढला. १९४३ साली तिथल्याच बाजारातील एका खरबुजावर अधिक जोमदार बुरशी सापडली. तरीही खरी उडी वेगळीच होती. बुरशीला पृष्ठभागावरून उचलून खोल टाकीत बुडवायचे आणि हवाच तिच्यापर्यंत न्यायची.

ऐकायला सोपे वाटते. हवा सोडायची ती निर्जंतुक हवी, कारण एखादा परका जंतू शिरला आणि पेनिसिलिन मोडणारे विकर सोडू लागला तर अख्खी टाकी वाया जाते. ढवळणे एवढे जोरकस हवे की हवेचे बुडबुडे बारीक होऊन प्राणवायू द्रवात विरघळावा. वाढणारी बुरशी उष्णता सोडते, ती सतत काढून घ्यावी लागते. फेस येतो. शेवटी पेनिसिलिन वेगळे करताना द्रव आम्ल करावा लागतो आणि आम्लात तर ते झपाट्याने नासते. म्हणून हे काम थंड ठेवून काही क्षणांत उरकायचे. यांतला एकही प्रश्न वैद्यकाच्या अभ्यासक्रमात शिकवला जात नव्हता.

तो शिकलेल्यांपैकी एक होती मार्गारेट हचिन्सन. ह्यूस्टनमध्ये १९१० साली जन्मलेली, राइस इन्स्टिट्यूटची पदवीधर. १९३७ साली तिने एमआयटीतून रसायन अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली. त्या विषयात ती मिळवणारी ती अमेरिकेतील पहिली स्त्री. तिच्या प्रबंधाचा विषय होता द्रवात वायू शोषला जाताना द्रवाच्या पातळ थराकडून होणारा अडथळा. विषय इतका रुक्ष की त्याचा रुग्णाच्या खाटेशी संबंध असेल असे कोणाला वाटू नये. पण टाकीतल्या बुरशीपर्यंत प्राणवायू पोहोचतो की नाही, हा प्रश्न नेमका याच जातीचा आहे. बोस्टनच्या ई. बी. बॅजर कंपनीत काम करताना पेनिसिलिनच्या पहिल्या व्यावसायिक कारखान्याचा आराखडा तिच्या हातून घडला.

१ मार्च १९४४ रोजी फायझरचा ब्रुकलिनमधील कारखाना सुरू झाला. इमारत पूर्वी बर्फाच्या कारखान्याची होती. आत प्रत्येकी ७,५०० गॅलनच्या, म्हणजे सुमारे २८ हजार लिटरच्या, १४ टाक्या. कंपनीचा आधीचा हातखंडा होता बुरशीपासून सायट्रिक आम्ल करण्याचा. खोल टाकीचे धाडस तिला परवडले ते त्या अनुभवामुळे. जूनमध्ये मित्रराष्ट्रांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्याच्यासोबत पेनिसिलिन होते.

अमेरिकेच्या रसायन अभियंता संस्थेने मार्गारेटला सभासद करून घेतले १९४५ साली. संस्था स्थापन झाली होती १९०८ मध्ये. ३७ वर्षांतील ही पहिली स्त्री सभासद.

कारखान्यात अंदाजाने सुटलेली कोडी मग विद्यापीठात शिरली. एल्मर गेडन या तरुणाने १९४९ साली कोलंबिया विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात पेनिसिलिनच्या बुरशीला किती प्राणवायू लागतो याचे गणित मांडले. जैवरासायनिक अभियांत्रिकीचा जनक म्हणून आज त्याचे नाव घेतात. औषधनिर्मितीचे अभियांत्रिकी शिक्षण ज्या पायावर उभे आहे, त्यातील एक मोठा दगड हा.

ही विद्या महाराष्ट्रात यायला फार वेळ लागला नाही. १९५४ साली भारत सरकारने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना केली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य होते. १९५५ पासून तिथल्या टाक्यांतून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. पुढे तिथल्याच संशोधकांनी हमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ज्या मातीतल्या जंतूपासून ते मिळाले, त्याला नाव देण्यात आले ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. गावाचे नाव जंतुशास्त्रात असे नोंदले जाण्याचा मान फार थोड्या गावांना मिळाला असेल.

आणि माटुंगा. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ सालचा, म्हणजे मार्गारेट डॉक्टरेट होण्याच्याही चार वर्षे आधीचा. तिथे शिकलेले मनमोहन शर्मा केंब्रिजला गेले, वायू द्रवात कसा शोषला जातो याचे प्रमुख अभ्यासक पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली आणि १९६४ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, माटुंग्याला प्राध्यापक म्हणून परतले. वायू आणि द्रव यांच्या सीमेवर काय घडते, हाच त्यांचाही विषय.