मुख्य कचेरी गेली, आपले काय गेले?

एखाद्या कंपनीची मुख्य कचेरी महाराष्ट्र सोडून चालली की वर्तमानपत्रांतून आक्रोश होतो, 'आमचे नेले!' अशाच एका बातमीवर वर्गात चर्चा चालू असताना नांदुऱ्याकडच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, 'सर, कंपनी गेली तर आपले काय गेले?' त्या 'आपले' शब्दाने मला विचारात पाडले.

कंपन्या राज्य का सोडतात, यात गूढ काही नाही. कर हलका, जमीन स्वस्त, बँका आणि सत्ताधारी जवळ, कामगार संघटना दुबळी, तिकडे भांडवल वळते. १९६७ नंतरच्या घेरावांच्या काळात कलकत्त्यातील कित्येक कंपन्यांनी कारभार मुंबई-दिल्लीकडे हलवला. कायदाही फारसा आडवा येत नाही. मिनर्व्हा मिल्सने आपली नोंदणीकृत कचेरी महाराष्ट्राबाहेर नेण्याचे ठरवले तेव्हा राज्य सरकारने विरोध केला. परंतु राज्याचा महसूल बुडतो एवढ्या कारणावरून परवानगी नाकारता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९७०च्या दशकात ठरवले. २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे अशा स्थलांतराला केंद्राची मंजुरी लागते, धनकोंना नोटीस द्यावी लागते. स्थलांतरापायी एकाही नोकराला काढणार नाही, असेही नियमाप्रमाणे लिहून द्यावे लागते. पण नोकर म्हणजे कोण? कंत्राटदाराने आणलेला झाडूवाला, पहारेकरी, हमाल कंपनीच्या हजेरीपटावर नसतोच. आणि तिथे बहुधा आपलाच माणूस असतो.

आमच्या बुलडाणा जिल्ह्याने मुख्य कचेरीचा हा खेळ फार पूर्वी पाहिला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी १८४९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने उभी राहिली. तिचे संचालक मंडळ लंडनला बसे. १८६०च्या दशकात तिचे रूळ मलकापूर, नांदुरा, शेगाव असे वऱ्हाडात आले. १८७० साली जलंब ते खामगाव फाटा झाला. तो आमच्यासाठी नव्हे, खामगावच्या बाजारातील कापसासाठी! सरकी आमची, घाम आमचा, निर्णय सातासमुद्रापार.

१९२५ साली हा कारभार हिंदुस्थान सरकारने ताब्यात घेतला. लंडनची सत्ता संपली. राष्ट्रवादी मंडळींची ती जुनी मागणी होती. मुख्य कचेरी याहून जवळ ती काय येणार? पण तेरा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८मध्ये, याच रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली. बाबासाहेबांनी तिथे दाखवून दिले की अस्पृश्य कामगार गँगमन म्हणूनच राबतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी काम करावे लागते आणि सवर्ण मास्तरला त्याचा विटाळ होतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तिथेच बजावले. कचेरीचा पत्ता बदलला होता. उतरंड तीच होती.

म्हणून 'जाऊ द्या, आपल्याला काय' असे म्हणावे काय? मुळीच नाही. महसूल बुडाला की पहिली कात्री शिष्यवृत्तीला आणि वसतिगृहाला लागते. मुंबईच्या गिरण्यांत स्पृश्य विणकरांनी आपल्याला विणखात्यात पाऊल ठेवू दिले नव्हते. तरी १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा आपल्या चाळींतल्याही चुली थंडावल्या. मिळताना वाटा नव्हता, बुडताना मात्र होता.

स्थलांतर आपणही केले. खेडे सोडा, या बाबासाहेबांच्या सांगण्यावरून माणसे बोचके घेऊन मलकापूर-शेगावच्या फलाटांवरून मुंबई-नागपूरला गेली. फरक इतकाच की कंपनी जाते तेव्हा नवे राज्य तिला जमीन आणि करमाफी देते. आपला माणूस गेला तेव्हा त्याला झोपडपट्टी मिळाली.

तेव्हा प्रांताच्या अभिमानाने गळा काढण्यापूर्वी आपण दोन मागण्या मांडल्या पाहिजेत. स्थलांतराच्या मंजुरीआधी कंत्राटी माणसाचीही मोजदाद व्हावी आणि त्याला संरक्षण मिळावे. सरकारी जमीन व सवलती घेणाऱ्या खाजगी कंपनीला राखीव जागांचे बंधन असावे. हे होईल तेव्हा त्या विद्यार्थ्याला मी छातीठोकपणे सांगू शकेन, 'होय बाबा, ती कचेरी आपली होती.' आज मला ते सांगता येत नाही.