सैरंध्रीचा रंग

नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, हे या परिसरातल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. सात घोडेस्वारांचे चित्रही आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिलेले आहे. ज्यांनी ही चित्रे काढली, ते चित्रकार त्या दिवशी खिंडीत हजर नव्हते. घोड्यांचे रंग, वीरांचे चेहरे, उडणारी धूळ, सारे त्यांनी मनाने रंगविले. तरीही त्या चित्राने आम्हांस फसविले, अशी तक्रार आजवर कोणी केली नाही. हे चित्र आहे, हे काढणारास ठाऊक असते आणि पाहणारासही ठाऊक असते.

आता बाजारातल्या एखाद्या दुकानावरचा साबणाचा किंवा मलमाचा फलक पाहा. त्यावरच्या तरुणीच्या गालावर एक छिद्र नाही, कपाळावर रेघ नाही, मान सुरईसारखी, डोळे हरिणीसारखे. हेही चित्रच, पण ते स्वतःस चित्र म्हणवीत नाही. ‘मी छायाचित्र आहे, समोर होते ते टिपले आहे,’ अशी ते साक्ष देते. साक्ष खोटी असली, तर तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

आम्ही कलेचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, दोन सभांच्या मध्ये. परंतु एखादी वस्तू कोणी घडविली, तिच्यावर पैसा कोणी कमावला आणि झीज कोणाची झाली, हे विचारणे आमच्या नित्याच्या कामातले आहे. तोच प्रश्न आम्ही येथे जाहिरातीतल्या चेहऱ्याबद्दल विचारणार आहोत. या चेहऱ्याच्या इतिहासाचा बराच भाग महाराष्ट्रात आणि काही भाग तर आपल्या कोल्हापुरातच घडलेला आहे.

चित्र घराघरांत शिरले ते छापखान्यामुळे. पुण्यास १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी चित्रशाळा काढली. १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईस शिळाप्रेस सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला व फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तोवर देवीचे दर्शन देवळात घ्यावयाचे. आता लक्ष्मी आणि सरस्वती भिंतीवर आल्या, गोऱ्यापान, भरल्या अंगाच्या, साडी नेसलेल्या. व्यापाऱ्यांच्या हे लवकरच ध्यानात आले. देवादिकांच्या चित्रांखाली साबणाचे, औषधाचे नाव छापून कॅलेंडरे वाटली जाऊ लागली. देवीस नमस्कार करता करता गिऱ्हाईकाचे डोळे साबणाच्या नावावरूनही फिरू लागले.

त्याच सुमारास रंगभूमीवर एक चमत्कार घडत होता. बालगंधर्व स्त्रीवेषात उभे राहिले की प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया त्यांच्या साडीची, दागिन्यांची, अंबाड्याची नक्कल करीत. म्हणजे बाईने कसे दिसावे याचा धडा मराठी स्त्रियांनी एका पुरुषापासून घेतला! गंधर्वांच्या कलेविषयी आम्हांस आदरच आहे. पण चूल, बाळंतपण, पाण्याची घागर यांपैकी काहीही ज्या देहाच्या वाट्यास आले नव्हते, तो देह स्त्रीच्या सौंदर्याचे माप ठरला, हेही खरे. फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते ते अण्णा साळुंके, एका उपाहारगृहात काम करणारे गृहस्थ. स्त्रीचे रूप आधी बाजारात आले आणि खरी स्त्री मागाहून, असा हा क्रम आहे.

ती आली, त्यात कोल्हापूरचा वाटा मोठा. बाबूराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर, हे कारागिराच्या घरातले. नाटकांचे पडदे रंगविता रंगविता त्यांनी चित्रपटाचा ध्यास घेतला, कॅमेरा स्वतः तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिचा पहिला मोठा बोलपट नव्हे, मूकपट, ‘सैरंध्री’, १९२० साली पुण्यास झळकला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. त्या काळी त्यांना केवढा उपहास सोसावा लागला असेल, याची कल्पना करता येते.

ही सैरंध्री कोण? द्रौपदी. अज्ञातवासात विराटाच्या राणीची, सुदेष्णेची, वेणीफणी व शृंगार करणारी दासी. आपल्या आजच्या भाषेत सांगावयाचे तर ती सौंदर्याच्या धंद्यातली कामकरी बाई. आणि तिचा रंग कोणता? महाभारत तिला कृष्णा म्हणते, ते तिच्या सावळ्या वर्णावरून. साऱ्या भारतवर्षात जिच्या रूपाची कीर्ती, ती काळीसावळी होती, आणि तीच दुसरीचे रूप सजवून पोट भरीत होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

बाबूरावांनीच १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. जमीन गमावून शहरात मजुरीस जाणाऱ्या शेतकऱ्याची ती कहाणी. तोच कलावंत एकीकडे डोळे दिपविणारी भव्य भित्तिपत्रके रंगवी आणि दुसरीकडे झिजलेल्या माणसाचा चेहरा तसाच झिजलेला दाखवी. कॅमेऱ्यापाशी दोन्ही शक्ती आहेत. कोणती वापरावयाची, हे कॅमेरा ठरवीत नाही.

छायाचित्र खोटे बोलू लागले ते काही संगणकामुळे नव्हे. हान्फश्टेंगल नावाच्या जर्मन छायाचित्रकाराने १८५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात हात फिरविलेली काच मांडली होती. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओतही उतरत्या मेजावर, मागून उजेड सोडून, ‘रिटचिंग’ करणारा कारागीर बसे. निगेटिव्हवर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे दिसते. म्हणून चेहऱ्यावरची सुरकुती तेथे फिकी रेघ होऊन उमटते. टोक काढलेल्या पेन्सिलीने ती रेघ हलकेच भरली, की छापलेल्या फोटोत सुरकुती नाहीशी. देवीचे वण असेच जात. यात काही न्यायही होता. जुन्या काचांवरच्या मसाल्यास लाल रंग नीट दिसत नसे. त्यामुळे गव्हाळ, सावळी माणसे होती त्याहून काळी येत. कारागीर यंत्राची चूक दुरुस्त करी, आणि गिऱ्हाईकाचा आग्रह असला तर आणखी थोडे पुढे जाई. पण एका चेहऱ्यास तास दोन तास लागत. खोटेपणास मजुरी पडत होती, म्हणून तो बेताचा होता.

कॅलेंडरांच्या आणि दिवाळी अंकांच्या काळात रघुवीर मुळगांवकरांनी रंगाच्या फवाऱ्याने लोण्यासारखी कांती उमटविली. लोकांनी ती चित्रे हौसेने भिंतीवर लावली. मात्र ती चित्रकाराची सही असलेली चित्रे होती. जाहिरातीने ती कांती घेतली आणि सही पुसली. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. अशा जाहिरातीत दिसणारा पहिला भारतीय चित्रतारकेचा चेहरा तो. ‘मी हा साबण वापरते’ हे बोलणे आता देवीच्या नव्हे, हाडामांसाच्या बाईच्या तोंडी आले. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम बाजारात आले, आणि गोरेपण ट्यूबमध्ये भरून विकता येते असे घरोघरी ठसले.

१९८७ साली अमेरिकेत थॉमस नोल नावाच्या विद्यार्थ्याने संगणकावर चित्रे दाखविण्याची एक आज्ञावली लिहावयास घेतली. भाऊ जॉन साथीला आला. १९९० साली ती ‘फोटोशॉप’ या नावाने विक्रीस आली. तिचे तत्त्व समजावयास सोपे आहे. संगणकातले चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांचे आकडे, शून्यापासून २५५ पर्यंत. आकडे वाढविले की कातडी उजळते. शेजारच्या ठिपक्यांची सरासरी घेतली की पुरळ नाहीसे होते. जाळी थोडी दाबली की कंबर बारीक होते. पेन्सिलवाल्या कारागिराचे तासाचे काम क्षणात होऊ लागले. आज तर मोबाइलमध्ये हे काम न सांगताच होते; मुलगी हसण्यापूर्वीच यंत्राने तिला उजळलेले असते.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. या चित्रातून नेमके काय पुसले जाते? उन्हाने रापलेली कातडी, खाली वाकून पडलेली मानेची वळी, हातांवरच्या भेगा, जागरणाने डोळ्यांखाली आलेली काळी वर्तुळे, बाळंतपणाने सुटलेले पोट. ही यादी वाचून पाहा. ही श्रमाची यादी आहे. चंदगड-आजऱ्याकडे काजू फोडणाऱ्या बायकांचे हात पाहिलेल्यास हे अधिक समजेल. टरफलातल्या तेलाने बोटांची सालटी निघतात, आणि ती काळी पडतात. उसाच्या फडात पाल्याने गाल चिरतात. देहावर कामाने जी अक्षरे लिहिली, तीच जाहिरातीचा कारागीर खोडतो, आणि जिने कधी उन्हात पाऊल टाकले नाही तिला सुंदर म्हणतो. मग लग्नाच्या बैठकीत ‘मुलगी कामाची आहे’ हे गुण म्हणून सांगितले जाते आणि ‘रंगाने जरा कमी’ हे दोष म्हणून. काम तर हवे. कामाची खूण मात्र नको! विठोबास सावळा म्हणून आळविणारे आपण, सून पाहताना हे बोलतो.

याची किंमत केवळ मनाची नाही. २०२३ साली अकोल्याच्या एका कुटुंबातील तीन स्त्रियांची हकीकत वृत्तपत्रांतून आली. गोरे करणारे मलम लावता लावता तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी छडा लावला, तेव्हा त्या मलमात पारा निघाला. पारा कातडीतल्या काळ्या रंगद्रव्याची उत्पत्ती थांबवितो, म्हणून चेहरा उजळतो. आणि तोच अंगात मुरून मूत्रपिंडावर उतरतो. अशा मलमांत पारा घालण्यास कायद्याने बंदी आहे. पण जेथे भिंतीभिंतीवरचे चित्र रोज ‘तू कमी आहेस’ असे सांगते, तेथे बंदी घातलेल्या मालासही गिऱ्हाईक मिळते.

आणि या साऱ्यात सैरंध्री कोठे आहे? ती पडद्यामागे आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषा करणाऱ्यांच्या संघटनेचा कित्येक दशके असा नियम होता, की बाईने केस सजवावेत, चेहरा रंगविण्याचे काम पुरुषांनीच करावे. बाईला मेकअपचे कार्डच मिळत नसे. स्त्रीचे रूप विकून चालणाऱ्या धंद्यात ते रूप घडविण्याची मजुरी स्त्रीला मना होती! सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी तो नियम घटनाबाह्य ठरविला. ती एक नोंदलेली कामगार संघटना होती, म्हणून हे सांगताना आम्हांस अधिक लाज वाटते. पुरुषांची रोजी वाचविण्यासाठी नियम केला, असे समर्थन होत असे. एकाची रोजी दुसरीच्या हक्कावर उभी करणे ही संघटना नव्हे, ती मक्तेदारी होय.

संघटनेने काय साधते, याचे दुसरे उदाहरणही आहे. मलमाच्या एका जाहिरातीत बाप ‘मुलगा असता तर’ असे उसासे टाकतो. सावळी मुलगी मलम लावून गोरी होते आणि विमानात नोकरी मिळविते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने वर्षभर तक्रारी लावून धरल्या, आणि २००३ साली ती जाहिरात बंद झाली. १९८५ साली स्थापन झालेल्या जाहिरात मानक परिषदेने २०१४ साली नियम केला, की सावळ्या माणसास दुःखी, अपयशी, कमी प्रतीचे असे दाखवू नये. २०२० साली त्या मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला. ट्यूब मात्र राहिली. परदेशात काही देश पुढे गेले. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून, जाहिरातीतल्या स्त्रीची अंगकाठी बारीक वा जाड केली असेल, तर ‘फेरफार केलेले छायाचित्र’ असे छापावे लागते. नॉर्वेमध्ये जुलै २०२२ पासून देहाचा आकार किंवा कातडी बदललेल्या जाहिरातीवर खूण करणे सक्तीचे आहे. खूण केल्याने सारे सुधारेल, असे नाही. परंतु खूण केली की साक्ष पुन्हा चित्र होते. आणि चित्राशी कसे वागावयाचे, हे नेसरीकरांस कोणी शिकवावयास नको.

यावर कोणी म्हणेल, मग बाईने नटूच नये काय? कष्टकरी बाईने पावडर लावू नये, असे म्हणणारे आम्ही नव्हे. फडावर जाणारी बाईसुद्धा गजरा माळते, कुंकू नीट रेखते, आणि तो तिचा हक्क आहे. हौस स्वतःची असते. कमीपणा दुसऱ्याने विकलेला असतो. एवढा भेद समजला तरी पुष्कळ झाले.

करावयाच्या गोष्टी मोठ्या नाहीत. लग्नाच्या परिचयपत्रात ‘वर्ण’ हा रकाना आपण गाळू शकतो. लेबल नसलेले, बिल न देता विकले जाणारे मलम घरात येऊ न देणे आपल्या हातचे आहे. बचतगटांनी, शाळांनी, ग्रामपंचायतीने फलक लावताना आपल्याच गावातल्या बायकांचे फोटो लावावेत, आणि ते लावताना छायाचित्रकारास एवढेच सांगावे, की बाबा रे, उजेड चांगला घे, पण हात फिरवू नकोस. काजूच्या तेलाने काळी झालेली बोटे त्या फोटोत दिसू द्यावीत. त्या बोटांनीच या भागातली किती घरे उभी आहेत, हे पाहणारास कळेल.