चेतापेशींतील विद्युत्संदेश

पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी झणकन एक कळ मस्तकात जाते आणि क्षणभराने मागाहून ठसठस सुरू होते. दोन्ही वेदनांचा उगम एकच. परंतु त्यांचे संदेश निरनिराळ्या चेतातंतूंवरून, निरनिराळ्या गतीने येतात. हे संदेश विद्युत्स्वरूपाचे असले तरी घरातील तारेतल्या विजेशी त्यांचे फारसे साम्य नाही. तारेत इलेक्ट्रॉन वाहतात. चेतापेशीत सोडियम व पोटॅशियमचे आयन पेशीपटल ओलांडतात.

पटलातील प्रथिनांचा एक पंप दर फेरीला तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आयन आत घेतो. आत साठलेले पोटॅशियम थोडे थोडे बाहेर झिरपत राहते. त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. आकडा क्षुल्लक वाटेल. पण हे पटल मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाहूनही पातळ असते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

उद्दीपनामुळे हा फरक ठरावीक मर्यादेपर्यंत घटला की पटलातील सोडियमची दारे उघडतात, आयन आत घुसतात आणि आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच ती दारे मिटतात व पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती येते. एक-दोन मिलिसेकंदांत हे सारे आटोपते. तोवर शेजारची दारे उघडलेली असतात. मर्यादा गाठली नाही तर संदेश निघतच नाही. जोराची ठेच म्हणजे मोठा स्पंद नव्हे, तर भराभर येणारे अनेक स्पंद.

हे उलगडले ते माकूल या सागरी प्राण्यामुळे. त्याचा एक अक्षतंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो. इंग्लंडमधील प्लिमथ येथे १९३९ साली अ‍ॅलन हॉजकिन व अँड्र्यू हक्स्ली यांनी त्यात विद्युदग्र सरकवून स्पंद मोजला. युद्धामुळे काम खंडित झाले. १९५२ मध्ये त्यांनी त्याचे गणित मांडले; आकडेमोड हक्स्ली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर केली होती! १९६३ साली जॉन एकल्स यांच्यासह दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मायलिनचे वेष्टन असलेल्या तंतूंत स्पंद उड्या मारत जातो; काहींत वेग सेकंदाला शंभर मीटरहून अधिक असतो. ठसठस आणणाऱ्या उघड्या तंतूंत तो जेमतेम एक मीटर भरतो. दात काढताना दिले जाणारे लिग्नोकेन याच सोडियमच्या दारांना अडसर घालते; दाताला इजा होते, पण तिची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचत नाही.